सांभाळायचं की शिकवायचं?

संध्याकाळचे साडेसहा. पुण्यात कर्वेनगरातल्या एखाद्या सोसायटीत तळमजल्यावरच्या फ्लॅटसमोर चपलांचा ढीग पडलेला असतो. हिंजवडीहून निघालेले आईबाबा वाहतुकीतून सुटून धापा टाकत पोचतात आणि दारातूनच विचारतात, "जेवला का नीट?" "झोपला का?" "रडला नाही ना?" आतून मावशी उत्तरं देतात, दप्तराएवढी छोटी पिशवी हातात देतात, पोर खांद्यावर येतं आणि दिवस संपतो.

खरा प्रश्न मात्र स्कूटर सुरू करताना डोक्यात येतो, आणि तो सहसा कुणाला विचारला जात नाही. आपल्या नोकरीपायी आपण याचं काही नुकसान तर करत नाही ना?

घरी आजीचा प्रश्न वेगळा असतो. "एवढे पैसे घेतात, तर तिथे शिकवतात काय? अजून ए बी सी डी येत नाही त्याला."

आईबाबांना भीती आहे की मुलाला माया कमी मिळेल. आजीला भीती आहे की मुलाला शिक्षण कमी मिळेल. या प्रकरणात दोन्ही प्रश्न घेऊ. शेवटाकडे जाता जाता असं दिसेल की ते फारसे वेगळे नाहीत.

१. आधी नावं लावून घेऊ

आपल्याकडे लहान मुलांच्या जागांना बरीच नावं आहेत. काही महिन्यांच्या बाळापासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना दिवसभर ठेवतात ते पाळणाघर. तीन ते सहा वर्षांची मुलं दोन-तीन तास जातात ती बालवाडी. हल्ली तिच्या पाटीवर प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी असं लिहिलेलं असतं. पुणे महानगरपालिकेच्याही बालवाड्या आहेत. आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहार, लसीकरणाला मदत, वजनाची नोंद आणि शाळापूर्व शिक्षण देणारी सरकारी अंगणवाडी. ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पसरली.

लोकांच्या मनात या तिघींची वाटणी पक्की झाली आहे. पाळणाघर सांभाळतं, बालवाडी शिकवते, अंगणवाडी खिचडी देते. ही वाटणी मोठ्यांनी केलेली आहे. दोन वर्षांच्या मुलाला 'आता मला सांभाळतायत' आणि 'आता मला शिकवतायत' असा फरक कळत नाही. त्याच्यासाठी सगळा दिवस एकसंध असतो.

ही गोष्ट महाराष्ट्रात फार पूर्वी कळलेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी १९१० साली जन्मलेल्या अनुताई वाघ पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवत होत्या. १९४५ मध्ये त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे बालवाडी काढली, तर वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच वस्तीत, मुलांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या शब्दाचं मूळ तिथे आहे. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकटं भावंड कडेवर असे. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. त्या प्रयोगाचं नाव विकासवाडी. धाकट्याला सांभाळलं तर थोरली शिकते, आणि सांभाळता सांभाळता धाकटाही शिकतो, असा तो सरळ विचार होता.

२. टेकडीवरच्या पायवाटा

धाकटा शिकतो म्हणजे त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं?

पावसाळ्यानंतर वेताळ टेकडीवर गेलात तर गवत सगळीकडे सारखं माजलेलं दिसतं. मग रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांची पावलं पडू लागतात. जिथून जास्त माणसं जातात तिथलं गवत दबतं, माती घट्ट होते आणि दिवाळीपर्यंत पायवाट तयार होते. जिथून कुणीच जात नाही, तिथल्या खुणा गवताखाली बुजतात.

बाळाचा मेंदू बराचसा असाच घडतो. जन्मतः त्यात मेंदूपेशी भरपूर असतात. कमी असतात ते त्यांना जोडणारे धागे. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे धागे प्रचंड वेगाने जुळतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. त्यांतले जे पुन्हा पुन्हा वापरले जातात ते पक्के होतात आणि न वापरलेले हळूहळू छाटले जातात. मराठी घरातलं बाळ 'ळ' आणि 'ल' यांतला फरक रोज ऐकतं, म्हणून ती वाट पक्की होते. ज्या भाषेत 'ळ' नाही तिथे ती वाट बुजते, आणि मोठेपणी तोच फरक ऐकायलासुद्धा कान ताणावे लागतात.

मेंदूची बहुतेक वाढ सहा वर्षांच्या आत होते असं आपलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही मांडतं. म्हणूनच त्याने तीन ते आठ वर्षांचा एक सलग 'पायाभूत टप्पा' मानला आहे. धोरण तीनपासून मोजत असलं तरी पायवाटा त्याच्याही आधी, पहिल्या दिवसापासून पडत असतात.

इथे एक घोटाळा होतो. 'मेंदू वेगाने वाढतो' हे ऐकून काही पालक दोन वर्षांच्या मुलासमोर चित्रांचे पत्ते धरतात, काही पाळणाघरं टीव्हीवर इंग्रजी गाणी लावून ठेवतात. पण पायवाट चालण्याने पडते, टेकडीचा फोटो दाखवून नाही. मग हे चालणं म्हणजे काय?

३. टाकलेला चेंडू कुणी झेलला?

अंगणात वर्षाचं बाळ बसलं आहे. समोरच्या तारेवर कावळा बसतो. बाळ तिकडे बोट करतं आणि "आ!" म्हणतं. हा त्याने टाकलेला चेंडू.

आता समजा, मावशी म्हणाली, "अगंबाई, काऊ आला! काव काव करतोय." तिने चेंडू झेलला आणि परत टाकला. बाळ हसतं, पुन्हा "आ!" म्हणतं. मावशी म्हणते, "उडाला बघ, भुर्र!" एवढ्या दहा सेकंदांत बाळाने काय मिळवलं ते मोजा. मी बोट केलं की दुसरा माणूस तिकडे बघतो, हे त्याला कळलं. त्या काळ्या वस्तूला नाव आहे, हे कळलं. बोलायचं तर आळीपाळीने, हे कळलं. आणि माझ्या आवाजाला किंमत आहे, हेही कळलं. शब्दसंग्रह, लक्ष देणं, संवाद आणि आत्मविश्वास असे चार धडे, आणि एकही पुस्तक उघडलेलं नाही.

चेंडू कुणी झेललाच नाही तर काय होतं? १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रोनिक यांनी एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग सांगितल्याप्रमाणे काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. समोरच बसलेली असते, पण प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, हात पुढे करतं, ओरडतं. काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडू लागतं. आई शरीराने तिथेच होती, तरी बाळाला ती हरवली.

पाळणाघराबद्दल विचार करताना हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरी असणं म्हणजे आपोआप चेंडू झेलणं नव्हे. मोबाइलवर नजर असलेला चेहराही बाळाला निर्विकारच दिसतो. तसंच पाळणाघर म्हणजे आपोआप चेंडू पडून राहणं नव्हे. जागा कोणतीही असो, तिथे झेलणारं कुणी आहे का, हे बघायचं.

या झेलाझेलीला भाषाही कळती हवी. मावशी ज्या भाषेत सहज लाड करते, रागावते, गोष्ट सांगते, तीच भाषा त्या वयात उत्तम. पुण्यात एकाच खोलीत मराठी, हिंदी, तेलुगू बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात, आणि मुलं दोन-तीन भाषा आरामात पेलतात. त्यांना पेलत नाही ती मोजक्या पाठ वाक्यांची भाषा. "सिट डाउन, ईट फास्ट, नो टॉकिंग" एवढंच इंग्रजी दिवसभर कानावर पडणाऱ्या मुलाकडे येतो तो हुकूम. त्याला परत काय टाकायचं हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

४. दाराशी रडणारं मूल

चेंडू झेलणारं माणूस रोज नवं असून चालत नाही. त्याचं कारण समजायला पाळणाघरातला पहिला आठवडा आठवा.

दहा महिन्यांचं मूल दारातच आईला मिठी मारून किंचाळतं. आईचा पाय निघत नाही. सासूबाईंचा फोन येतो, "बघ, म्हणत नव्हते मी?" खरं तर हे रडणं वाढीचंच एक लक्षण आहे. सात-आठ महिन्यांपर्यंत बाळाला आपली माणसं आणि परकी माणसं यांत स्पष्ट फरक कळू लागतो. आई नजरेआड गेली तरी ती कुठेतरी आहे, हेही कळू लागतं. परत येईल हे मात्र अजून कळत नाही. म्हणून ते रडतं. दीड वर्षाच्या आसपासपर्यंत हा काळ अवघड असतो.

इंग्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आईबापांपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करून सांगितलं की लहान मुलाला एखाद्या जवळच्या माणसाचा पक्का आधार लागतो. या आधाराचं काम बंदरासारखं असतं. बंदर पक्कं असेल तर होडी लांब जाते. मूल चार पावलं पुढे जाऊन खेळणं उचलतं, मागे वळून बघतं, मावशी तिथेच आहे ना हे पाहतं आणि आणखी चार पावलं जातं. शोध घेण्याचं धाडस त्या मागे वळून बघण्यातून येतं.

पूर्वी लोकांची समजूत अशी की बंदर एकच असतं आणि ते म्हणजे आई. आपल्या वाड्यांनी ते कधीच मानलं नव्हतं. आजी, आत्या, शेजारच्या काकू अशी तीन-चार बंदरं प्रत्येक पोराला असत. मूल मोजक्या माणसांशी एकाच वेळी घट्ट नातं जोडू शकतं. पाळणाघरातल्या मावशीशी जोडलेलं नातं आईकडून काही काढून घेत नाही. अट एवढीच की मावशी टिकायला हवी. दर दोन महिन्यांनी माणूस बदलणाऱ्या ठिकाणी मूल होडी किनाऱ्यालाच बांधून ठेवतं.

म्हणून चांगल्या पाळणाघरात पहिले काही दिवस आईला किंवा बाबांना मुलासोबत बसू देतात. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन तास, मग जेवणापर्यंत. मुलाची चादर किंवा आवडतं चिंधीचं बाहुलं सोबत ठेवतात. आणि सांगतात की गुपचूप सटकू नका; सांगून जा, हात हलवा, रडलं तर रडू दे. गुपचूप गेलेली आई पुन्हा केव्हाही नाहीशी होऊ शकते, असा धडा मूल घेतं. सांगून गेलेली आई रोज परत येते, हे त्याला आठवडा-दोन आठवड्यांत कळतं.

५. 'म्हैस भुर्र' आणि इतर अभ्यास

आता आजीचा प्रश्न. शिकवतात काय?

'चिमणी भुर्र' हा खेळ सगळ्यांना माहीत आहे. मुलं गोल बसतात, बोटं जमिनीवर टेकवतात. ताई म्हणते, "चिमणी भुर्र!" सगळी बोटं वर. "पोपट भुर्र!" बोटं वर. "म्हैस भुर्र!" ज्याचं बोट वर गेलं तो आउट, आणि हसून हसून सगळे लोळतात.

या खेळात डोकं काय करतं ते पाहा. नियम लक्षात ठेवायचा: उडणारं असेल तरच बोट उचलायचं. ऐकलेला प्राणी कोणत्या गटातला ते ठरवायचं. आणि सर्वांत अवघड म्हणजे वर निघालेलं बोट थांबवायचं. लक्षात ठेवणं, बदलतं तसं वळणं आणि स्वतःला आवरणं या तीन कौशल्यांवर पुढचं सगळं शिक्षण उभं राहतं. पहिलीत गेल्यावर शेजारचा पेन्सिल पाडतो तरी आपलं गणित पुरं करायचं, हे तेच बोट थांबवणं आहे.

दुसरा खेळ भातुकलीचा. तीन बाहुल्या जेवायला बसल्या आहेत आणि ताटल्या चार आहेत. तीन वर्षांची मुलगी प्रत्येक बाहुलीपुढे एकेक ताटली ठेवते आणि हातात एक उरते. ती थांबते. ताई लगेच "चारातून तीन गेले" असं म्हणत नाही. ती विचारते, "आता गं काय करायचं?" मुलगी म्हणते, "ही तुला." एकास एक जुळवणं, उरणं, कमी-जास्त असणं हे सगळं गणित त्या ताटलीत आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या पण चार मुलांना चार लाडू वाटताना गोंधळणाऱ्या मुलाकडे आकड्यांचं गाणं आहे, संख्या अजून आलेली नाही.

तिसरं उदाहरण मटारच्या शेंगांचं. डिसेंबरात एखादी हुशार ताई टोपलीभर शेंगा मुलांपुढे ओतते. शेंग दाबायची, उघडायची, दाणे अंगठ्याने काढायचे. मुलांना वाटतं आपण ताईला मदत करतोय. त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पेन्सिल धरायची ताकद येत असते. शाडूची माती मळणं, कणकेच्या गोळ्या करणं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणं ही सगळी लिहिण्याची पूर्वतयारी. तीन वर्षांच्या हातात थेट पेन्सिल देऊन रेघोट्यांच्या वहीत 'अ' गिरवून घेणं म्हणजे पाया खणायच्या आधी रंगकाम करणं.

पुण्यात ही गोष्ट सांगणारे लोक बरेच झाले. शोभा भागवतांनी 'आपली मुलं' सारख्या पुस्तकांतून आणि सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनातून मुलांच्या खेळाची बाजू वर्षानुवर्षं मांडली. १९८७ पासून इथूनच निघणारं 'पालकनीती' मासिकही पालकांशी हेच बोलत आलं. तरीही बालवाडीच्या प्रवेशाच्या दिवसांत पहिला प्रश्न 'लिहायला केव्हा शिकवता?' हाच असतो.

६. बेचाळीस मिनिटांचा हिशेब

एवढं सगळं वाचून वाटेल की खेळ हवेत, माणूस हवं, झालं. आता कागद घेऊन एक हिशेब मांडू.

समजा, एका पाळणाघरात तीन वर्षांखालची दहा मुलं आहेत आणि ताई एक. मुलं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा राहतात, म्हणजे ५४० मिनिटं. दुपारची झोप दोन तास वजा करू, उरली ४२०. ती दहा मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ताईची ४२ मिनिटं येतात.

आता कामं मोजा. प्रत्येक मुलाचा लंगोट किंवा डायपर तीनदा बदलायचा, पाच-पाच मिनिटं धरली तर १५. दोनदा भरवायचं, दहा-दहा मिनिटं धरली तर २०. झाली ३५ मिनिटं. उरली सात.

हेच पाच मुलांमागे एक ताई असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ८४ मिनिटं येतात. कामाची ३५ वजा केली तरी ४९ उरतात. मुलं निम्मी केली, पण मोकळा वेळ दुप्पट न होता सातपट झाला. अर्थात मुलं एकत्र खेळतात, एकच गोष्ट दहाजण ऐकतात, त्यामुळे प्रत्यक्षात मिनिटं इतकी काटेकोर वाटली जात नाहीत. पण दिशा खरी आहे. भारताच्या २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण दिलं आहे. म्हणजे आपला हिशेब अपवादाचा नाही, धोरणात लिहिलेल्या प्रमाणाचा आहे.

आता याच हिशेबाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. दहा मुलांच्या खोलीत 'शिकवायला' फक्त सात मिनिटं उरतात हे खरं. पण भरवण्याची आणि लंगोट बदलण्याची ३५ मिनिटं कुठे गेली? त्या वेळात मूल आणि ताई समोरासमोर असतात, चेहरा हातभर अंतरावर असतो, तिसरं कुणी मध्ये नसतं. ताईने तेव्हा घास कोंबून पुढच्या मुलाकडे वळायचं ठरवलं तर ती मिनिटं वाया गेली. "हा घास काऊचा. गरम आहे का रे? फुंकर मार. कुठला पाय वर करायचा? हा? की हा?" असं बोलत राहिली तर त्या ३५ मिनिटांचा वर्ग झाला.

सांभाळणं आणि शिकवणं ही दोन कामं आहेत असं मानलं की दिवस सात मिनिटांचा होतो. ती एकच आहेत असं मानलं की तो बेचाळीस मिनिटांचा होतो. उत्तम पाळणाघरातली ताई हे दुसरं गणित करते, मग तिला ते कुणी शिकवलेलं असो वा नसो.

पण तीच ताई दुपारी तीनला दमलेली असेल, पगार जेमतेम असेल आणि मदतीला कुणी नसेल, तर तिसऱ्या मुलाच्या घासाला गाणं सुचत नाही. म्हणून प्रमाण, पगार आणि विसावा हेही शिक्षणाचेच विषय आहेत.

७. पडताळून पाहिलं तर

या सगळ्याचा मुलांवर खरंच परिणाम होतो का, हे तपासायला मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. तसं केलेले काही अभ्यास आहेत.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी गावी १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास सुरू झाला. काहींना तीन-चार वर्षांचे असताना उत्तम बालवाडी आणि आठवड्याला शिक्षिकेची घरभेट मिळाली, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यंकातला सुरुवातीचा फरक काही वर्षांत विरला. पण ही माणसं चाळिशीला पोचली तेव्हा बालवाडीत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पुरी केली होती, त्यांची कमाई जास्त होती आणि पोलिसांच्या हाती लागण्याचं प्रमाण कमी होतं. टिकलं ते पाठांतर नव्हे. चिकाटी, लोकांशी जमवून घेणं, स्वतःला आवरणं हे टिकलं असावं. तेच 'म्हैस भुर्र'.

आपल्या जवळचं उदाहरण तमिळनाडूचं. तिथे ३२० अंगणवाड्या निवडून त्यांतल्या निम्म्यांना शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. शिवाय मूळ सेविकेला आहाराकडे लक्ष द्यायला सवड मिळाल्याने कुपोषणही घटलं. एका जादा माणसाने आपला मघाचा हिशेबच बदलला.

उलट बाजूही सांगायला हवी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून अगदी स्वस्तात, दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघरं दिली. आया कामावर जाऊ शकल्या. पण जागा झपाट्याने वाढल्या, दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, आणि काही अभ्यासांत मुलांमधली चिंता आणि आक्रमकपणा वाढलेला आढळला. पाळणाघर म्हटलं की भलंच, असं नाही.

आणि स्कूटर सुरू करताना आईबाबांना पडलेल्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. १९९१ पासून दहा ठिकाणच्या १,३०० हून जास्त मुलांचा मागोवा घेतला गेला. केवळ आईपाशी वाढलेली मुलं आणि इतरांनी सांभाळलेली मुलं यांच्या वाढीत एकूणात मोठा फरक दिसला नाही. सांभाळ चांगल्या प्रतीचा असेल तर भाषा आणि समज थोडी पुढे होती. केंद्रांत फार जास्त तास घालवणाऱ्यांत हट्ट-मारामारी थोडी जास्त होती. या सगळ्यापेक्षा मोठा वाटा घराचा होता. म्हणजे पाळणाघर घराची जागा घेत नाही, आणि घराची पुण्याईही पुसत नाही.

८. विटांच्या ढिगाशेजारी

आतापर्यंत आपण कर्वेनगरच्या दारात उभे होतो. आता वाकड किंवा खराडीच्या एखाद्या उभ्या राहणाऱ्या इमारतीपाशी जाऊ. आई डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढते आहे. तिचं दोन वर्षांचं पोर वाळूच्या ढिगावर बसलं आहे आणि सहा वर्षांची बहीण त्याच्यावर लक्ष ठेवते आहे. कोसबाडची विकासवाडी ज्या प्रश्नातून निघाली, तोच इथे सळया आणि सिमेंटमध्ये उभा आहे.

१९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर काढलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली. काम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाईल, ही कल्पना. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस बांधकामांवर हेच काम करते. आंघोळ, जेवण, तब्येत, खेळ, गाणी आणि मोठ्या मुलांना शाळेत घालणं हे सगळं एकाच छपराखाली. तिथल्या बाळाला 'काऊ' म्हणून बोट दाखवण्याचा तेवढाच हक्क आहे. ते पाळणाघर मिळालं की थोरल्या बहिणीचं बालपणही मोकळं होतं.

कायदाही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं होतं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा बंधनकारक केली. हिंजवडीतल्या पालकांनी आपल्या कचेरीत याबद्दल विचारायला हरकत नाही.

९. बघायला जाल तेव्हा

पाळणाघर किंवा बालवाडी निवडताना भिंतीवरची कार्टून, कॅमेरे आणि चकचकीत माहितीपत्रक यांवर पहिली नजर जाते. स्वच्छता, बंद होणारं फाटक, झाकलेले विजेचे प्लग हे बघाच. मग अर्धा तास एका कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. परवानगीच मिळाली नाही, तर उत्तर मिळालं.

बसल्यावर या गोष्टी पाहा.

एखादं मूल रडलं तर कुणी त्याच्या उंचीला खाली बसतं का?
ताई मुलांशी बोलते की मुलांवर ओरडते? मुलं तिला परत बोलतात का?
टीव्ही चालू आहे का?
खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी आहेत की कपाटात कुलपात?
भरवताना घाई आहे की गप्पा?
किती मुलांमागे किती माणसं आहेत, आणि ती माणसं किती महिन्यांपासून इथे आहेत?
मुलांना अंगणात, ओट्यावर, मातीत जायला मिळतं का?

खोली आपण समजतो त्यापेक्षा जास्त गोंगाटाची असेल तर घाबरू नका. वीस लहान मुलं अगदी शांत बसली आहेत, हेच जास्त काळजीचं.

आता पुन्हा संध्याकाळचे साडेसहा. दारात उभं राहून "जेवला का?" जरूर विचारा. पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारून बघा: "आज कशावर हसला?"

मावशी एक क्षण विचारात पडल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, दुपारी मांजर पायरीवरून घसरलं ना, तर 'पड्डं, पड्डं' करत अर्धा तास हसत होता, आणि मग प्रत्येक बाहुलीला पायरीवरून पाडून बघितलं त्यानं," तर त्या दिवशी चेंडू झेलला गेला आहे. घरी आजी विचारेलच, काय शिकवलं? तिला सांगा, वस्तू वरून खाली पडते हे त्यानं आज चार बाहुल्या पाडून तपासलं. मग पोराला एक बाहुली द्या आणि आजीला पायरीवर बसवा.